नव्या व्हर्जनमधली माणसं

फोटो स्टुडिओत काम करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. लोक आपापलं तोंड घेऊन स्वतःच येतात. कुणाला ते गोरं करून हवं असतं, कुणाला बारीक, कुणाला दहा वर्षं मागचं. आपण हो म्हणायचं आणि माउस हलवायचा. असे किस्से वर्षाला दोन-तीन तरी साठतात आणि चहाबरोबर संपूनही जातात. पण आम्ही एडिटिंगचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं आणि तेव्हापासून जे साठत चाललंय, ते काही केल्या संपत नाही. कारण त्यातलं बरंचसं माझं मलाच अजून नीट कळलेलं नाही.

आमचा स्टुडिओ नेरूळला, शिरवणे गावात शिरायच्या तोंडाशी आहे. आमचा म्हणजे मोहितेकाकांचा. काका मूळ साताऱ्याकडचे, बोलणं अजून तिकडचंच. दिनेशदादा शिरवण्यातलेच, आगरी. लग्नं, हळदी, साखरपुडे यांचं शूटिंग त्यांच्याकडे. आणि मी सुजाता. काउंटर आणि एडिटिंग माझ्याकडे. एवढी तीनच माणसं.

जुनं व्हर्जन फार जुनं होतं, पण हाताला बसलेलं होतं. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा न बघता उघडतो आणि मोहरीच्या वाटीत बरोबर बोटं जातात ना, तसं. मग जुना कॉम्प्युटर बसला तो बसलाच. नव्यावर जुनं व्हर्जन चढेना. इंजिनिअर आला, त्यानं एकदम लेटेस्ट टाकून दिलं आणि बॅग पाठीला लावता लावता म्हणाला, "आता तुम्हाला काहीच करावं लागणार नाही. सगळं ते स्वतःच करतं."

आम्ही तिघांनीही ती चांगली बातमी समजून माना डोलावल्या.

* * *

पहिला दणका दिनेशदादांना बसला.

दादांची जुनी सवय अशी, की गिऱ्हाइकाला काम दाखवताना ते 'आधी' आणि 'नंतर' करून दाखवायचे. कंट्रोल आणि झेड दाबलं की शेवटचं काम पुसलं जायचं, परत तेच दाबलं की ते परत यायचं. टकटक, टकटक. आधी डाग, नंतर स्वच्छ. गिऱ्हाईक खूश.

नव्या व्हर्जनमध्ये तेच बटण नुसतं मागे मागे जातं. दाबाल तितकं मागे. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

जवळच्या शाळेतल्या एक बाई रिटायर होत होत्या. निरोप समारंभाच्या बॅनरसाठी त्यांचा फोटो हवा होता. दादांनी सकाळभर बसून काम केलं. वाकडा फोटो सरळ केला, चष्म्यावरची चमक घालवली, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली, गळ्यावरच्या रेषा पुसल्या आणि शेवटी पांढरे केस हळूच काळे केले. बाई दुपारी आल्या, स्क्रीनसमोर बसल्या आणि स्वतःकडे बघून जरा लाजल्यासुद्धा.

"आता आधीचा बगा," दादा म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. केस पांढरे झाले. बाई हसल्या.

"आनि हा नंतरचा." परत दाबलं. केस पांढरेच राहिले, वर गळ्याच्या रेषाही आल्या.

दादांना वाटलं, नीट दाबलं गेलं नाही. त्यांनी परत दाबलं. डोळ्यांखाली वर्तुळं उमटली. दादा घाबरले आणि भराभर दाबत सुटले. घाबरलेला माणूस तेच करतो. बघता बघता सकाळचं सगळं काम गेलं, फ्लॅशची चमक चष्म्यावर परत येऊन बसली, फोटो वाकडा झाला आणि मूळ जागी येऊन थांबला.

"मना समजतच नाय," दादा माझ्याकडं बघून म्हणाले. "मी पुडं दाबतंय आनि या मागं चालल्यात."

 बाई पदर सारखा करून शांतपणे म्हणाल्या, "नोकरी संपतेय हे मला माहीत होतं हो. पण इतक्या भरभर संपेल असं वाटलं नव्हतं."

* * *

गर्जे नावाचे एक ड्रायव्हर आहेत. बीडकडचे. न्हावा शेव्याला कंटेनर ओढतात. यार्डाच्या पासासाठी फोटो काढायला आले. काकांनी काढला, प्रिंट दिली, गर्जे पाकीट खिशात टाकून गेले. पासपोर्ट साइझचा फोटो कोण निरखून बघतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले. रागावलेले नव्हते, बावचळलेले होते.

"काका, आज गाडी उभीच राहिली माझी," ते म्हणाले. "पास करून देणारा माणूस फोटो बघतो आणि म्हणतो, हा तू नाहीस. मी म्हटलं, मीच आहे. तो म्हणतो, मग व्रण कुठंय? मी म्हटलं, हा काय तोंडावर. तो म्हणतो, फोटोत कुठंय?"

गर्जेंच्या भुवईपासून गालापर्यंत एक जाड व्रण आहे. कधीतरी गाडीची पुढची काच फुटली होती, तिचा. आम्ही फोटो बघितला. फोटोतल्या गर्जेंचा गाल केळीच्या पानासारखा गुळगुळीत होता.

काकांनी माझ्याकडं बघितलं, मी काकांकडं. दोघांनीही काही केलं नव्हतं.

दुसरा फोटो काढला. कॅमेऱ्यात व्रण होता. कॉम्प्युटरवर उघडला की नव्हता. काकांनी चष्मा पुसून परत बघितलं. "आयला, लोक डाग घालवाया येत्यात," ते म्हणाले, "ह्यो गडी आणाया आलाय, तर येईना झालाय."

शेवटी मला एका कोपऱ्यात आत, त्याच्याही आत, एक सेटिंग सापडलं. चेहरा दिसला की त्वचा आपोआप साफ करायची, असं ते होतं. कुणी चालू केलं होतं देव जाणे. ते बंद केलं आणि गर्जेंचा व्रण गालावर परत आला. गर्जे स्क्रीनकडे बघून असे हसले, जणू हरवलेला भाऊ सापडला.

जाताना त्यांनी आधीचे बिनव्रणाचे फोटोही मागून घेतले.

"ते कशाला?" मी विचारलं.

"बायकोला दाखवतो. लग्नाच्या आधीच काच लागली होती. तिनं मला असा कधी बघितलाच नाही."

पुढच्या आठवड्यात ते गल्लीत दिसले तेव्हा काकांनी हाक मारून विचारलं, "काय रे गर्जे, काय म्हणाली मालकीण?"

गर्जे जागीच थांबले. "बराच वेळ बघत बसली," ते म्हणाले. "मग म्हणाली, ह्याच्याशी मी नसतं केलं लग्न."

ही तारीफ होती की काय होतं, हे ते आमच्याकडून समजून घ्यायला थांबले होते. 

* * *

नवीन व्हर्जन सारखं काहीतरी विचारतं. हे करू का, ते करू का. काका इंग्रजी वाचत बसत नाहीत, 'येस' दाबतात. त्यांचं म्हणणं, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं.

अशाच एका 'येस'नं सगळे फोटो कॉम्प्युटरवरून उठले आणि इंटरनेटवर कुठेतरी जाऊन बसले. त्यालाच क्लाउड म्हणतात, ते आम्हाला नंतर समजलं. नेट चालू असेल तर फोटो दिसायचे. नेट गेलं की फोल्डर रिकामं. आणि एक दिवस बाहेर रस्ता खणला होता, त्यामुळे सकाळपासून नेट नव्हतं.

नेमके त्याच दिवशी वाशीच्या मार्केटमधले एक माथाडी आले. यादव त्यांचं नाव. काकांच्याच पट्ट्यातले, म्हणून काकांचा त्यांच्यावर विशेष जीव. मुलीच्या लग्नाचे फोटो घ्यायला आले होते. गावाहून व्याही यायचे होते, त्यांना दाखवायचे होते.

"फोटो कुठं हायत?" यादवांनी विचारलं.

काका आधीच गोंधळलेले. त्यांनी छताकडं हात केला. "वर गेल्यात."

तेवढ्यात काकांना फोन आला, त्या नेटवाल्याचाच. ते बोलत बाहेर गेले. मी आत दादांबरोबर जुनी हार्डडिस्क शोधत होते. बाहेर आले तर यादव नव्हते. मला वाटलं, चिडून गेले.

आमच्या स्टुडिओच्या वर दाताचा दवाखाना आहे.

यादव जिना चढून वर गेले. तिथं बाकावर लोक बसले होते, म्हणजे इथं नंबर लावायचा असतो, असं समजून तेही बसले. त्यांचा नंबर आला. आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय त्रास होतोय?" यादव म्हणाले, "पोरीच्या लग्नाचं फोटो मिळंनात." बाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. यादवांचा गाल एका बाजूनं सुजलेला होता आणि बाईंचं लक्ष त्या गालाकडंच होतं. त्या म्हणाल्या, "बसा, तोंड उघडा."

बऱ्याच वेळानं नेट आलं. काका आनंदानं मला म्हणाले, "यादवाला फोन लाव, म्हणावं आलं बघ खाली फोटो." फोन लावला तर रिंग आमच्याच जिन्यात वाजली. यादव कापसाचा बोळा दाताखाली धरून, गालाला हात लावून उतरत होते.

काका धावत गेले. "अरं, काय झालं?"

यादवांना नीट बोलता येईना. कसंबसं म्हणाले, "फोटो न्हाईत मिळालं वर. पण दाढ लई दिस दुखत हुती, ती काढली त्यांनी."

* * *

हे छोटंसंच आहे, पण माझ्या मनातून जात नाही.

सीवूड्सचं एक जोडपं लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो काढायला आलं. दोघंही रिटायर्ड. त्या वयाचे पुरुष असतात तसे ते गृहस्थ गंभीर. दादांनी किती प्रकारे सांगून बघितलं, 'सर, थोडं स्माइल.' सरांचे ओठ सरळ रेषेतून हलले नाहीत. बाई शेजारी छान हसत होत्या, जणू दोघांच्या वाटचं त्याच हसत होत्या.

फोटो स्क्रीनवर आल्यावर बाईंनी मला हळूच विचारलं, "ह्यांना जरा हसरं करता येईल का?"

येतं. नव्या व्हर्जनमध्ये हसू कमी-जास्त करायची एक पट्टीच आहे. पंख्याचा स्पीड वाढवतात तशी ती सरकवायची. मी थोडी सरकवली, सरांचे ओठ वर गेले. अजून सरकवली तर दात दिसायला लागले.

"हे दात कुणाचे?" सर मागून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले, मला समजलं नव्हतं.

मी पट्टी मागे घेतली. ओठ मिटून हसरा चेहरा राहिला. चांगला दिसत होता, खरंच.

सरांनी वाकून बघितलं. "हा मी नाही," ते म्हणाले.

"म्हणून तर बरा वाटतोय," बाई म्हणाल्या.

आणि सर हसले. खरोखरचे हसले, खांदे हलेपर्यंत. बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. दादांनी तेव्हा कॅमेरा नुकताच बॅगेत ठेवून चेन लावली होती.

* * *

आता बॅनरचं सांगते. ह्यात कोण खरं आणि कोण खोटं, ते मला विचारू नका.

आमच्या भागात एक होतकरू पुढारी आहेत. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, आपणही भाऊच म्हणू. त्यांचा वाढदिवस होता. त्यांचा माणूस राजू कार्यकर्त्यांसोबतचा ग्रुप फोटो घेऊन आला. फोटो चौकोनी आणि बॅनर लांबच्या लांब. पूर्वी अशा वेळी आम्ही दोन्ही बाजूंना फुलं नाहीतर झेंडे टाकून जागा भरायचो. पण नव्या व्हर्जनमध्ये फोटोची कड धरून ओढली की रिकामी जागा ते स्वतःच भरतं. समुद्राचा फोटो ओढला तर पुढचा समुद्र तयार करतं.

काकांनी ओढला. मध्ये भाऊ नीट दिसतायत ना, एवढं बघितलं आणि छापायला पाठवून दिला.

बॅनर शिरवण्याच्या नाक्यावर लागला. सकाळी दादा आले ते हेल्मेट न काढताच म्हणाले, "काका, ते कडंचे कोन?"

"कार्यकर्ते असतील भाऊंचे."

"मी याच गावान जल्मलो. मना त्यांतला एक बी म्हाईत नाय."

आम्ही तिघं जाऊन बघून आलो. समुद्राच्या पुढं समुद्र तयार होतो, तसे कार्यकर्त्यांच्या पुढं कार्यकर्ते तयार झाले होते. पांढरे शर्ट, कपाळाला टिळा, हात जोडलेले. सगळे कसे शिस्तीत उभे. खऱ्या कार्यकर्त्यांपेक्षा चांगलेच दिसत होते.

राजू दुपारी आला. त्याचं दुःख वेगळं होतं. जे आदल्या दिवशी फोटोला हजर राहू शकले नव्हते, ते विचारत होते की आम्ही नाही आणि हे कोण उपरे?

काका म्हणाले, "अरे, ते खरे न्हाईत. मशीननं केल्यात."

"मशीन माणसं कशी करेल?" राजू म्हणाला. "काका, सरळ सांगा ना, कुणाच्या सांगण्यावरून घुसवलीत?"

काका आडनावाची, देवाची, कसलीही शपथ घ्यायला तयार होते. राजू ऐकेना. तेवढ्यात भाऊंचाच फोन आला. काकांनी भीत भीत घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"काका, बॅनर बदलू नका," भाऊ म्हणाले. "समोरच्या पार्टीवाले सकाळपासून चौकशी करतायत, भाऊंकडं हे नवीन कोण आले म्हणून. टेन्शनमध्ये आहेत सगळे. राहू द्या." फोन ठेवताना आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पण काका, आहेत कोण ते? मला एकदा भेटवा की."

एवढ्यावर संपलं असतं तर ठीक होतं. दोन दिवसांनी गावातले एक म्हातारे बाबा दादांना शोधत आले. तणतणतच आले. "तो डावीकरचा, मिशीवाला. तो आमच्या जावयाचा भाव हाय, पावने गावचा. पावन्याचा मानूस चालतंय तुमाला, आनि गावची मानसं नाय?"

दादांनी आपल्या बोलीत परोपरीनं समजावलं, की बाबा, तो मिशीवाला जगात नाहीच. बाबा म्हणाले, "मी त्याचे लग्नान जेवलोय."

आणि त्याच संध्याकाळी तो जावयाचा भाऊ स्वतः आला. पावणे गावात वर्कशॉप आहे त्याचं. फारच नम्रपणे म्हणाला, "ताई, तो ग्रुप फोटो मला मिळेल का? घरी लावायचाय."

"तुम्ही होता का त्या दिवशी?" मी विचारलं.

"नव्हतो. त्या दिवशी वर्कशॉपलाच होतो," तो म्हणाला. मग बॅनरच्या फाइलकडं बघून म्हणाला, "पण मीच आहे ना तो?"

मी स्क्रीनकडं बघितलं, मग त्याच्याकडं. मिशी तीच, कपाळ तेच, डावा खांदा जरा खाली, तोही तसाच. मी फोटो प्रिंट करून दिला. दुसरं काय करणार?

* * *

आणि हे शेवटचं. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

वाघमारे म्हणून एक गृहस्थ आले. पावण्यालाच एका कारखान्यात कामाला, पन्नाशीचे, परभणीकडचे. भिंतीवर माझं आडनाव लिहिलेलं सर्टिफिकेट आहे, ते वाचून 'जयभीम ताई' म्हणाले. मीही जयभीम केला. मग त्यांनी रुमालात गुंडाळलेला एक फोटो काढून काउंटरवर ठेवला.

गावातल्या विहाराच्या उद्घाटनाचा फोटो होता. माणसं ओळीनं उभी. कधीतरी घरात पाणी शिरलं होतं आणि फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. सोडवताना मधल्या एका माणसाचा चेहरा काचेबरोबर गेला. एक कान, गळ्याशी सदऱ्याची पट्टी आणि मध्ये तपकिरी डाग, एवढंच उरलं होतं.

"हे माझे बाबा," वाघमारे म्हणाले. "मी पाळण्यात असताना गेले. हा एकच फोटो आहे, आणि मला आठवतं तेव्हापासून तो असाच आहे. मी त्यांना बघितलेलं नाही. तुमच्याकडं नवीन सॉफ्टवेअर आलंय म्हणे."

जुन्या व्हर्जनवर मी अशा कामाला सरळ नाही म्हणायचे. नसलेला चेहरा कुठून आणणार? पण नव्यावर करून बघायला काय हरकत, म्हणून मी डागाभोवती गोल काढला आणि बटण दाबलं. त्यानं थोडा विचार केल्यासारखं केलं आणि मला तीन चेहरे दिले. तिन्ही त्या खांद्यांवर नीट बसत होते. तिन्ही माणसं खरी वाटत होती.

मी खुर्ची बाजूला घेतली. "यातले कुठले?"

 "मला कसं माहीत असेल, ताई?" वाघमारे म्हणाले.

ते खरंच होतं. मला माझ्या प्रश्नाचं वाईट वाटलं. त्यांनी पहिला बघितला, दुसरा बघितला, परत पहिला. मग खिशातून मोबाइल काढून त्याच्या काळ्या काचेत स्वतःचा चेहरा बघितला आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा. ह्याचं नाक माझ्यासारखं आहे."

मोठा प्रिंट काढला, फ्रेम केली. रविवारी ते आईला घेऊन न्यायला आले. आई ऐंशीच्या आसपासची, सुती लुगडं, कपाळ मोकळं, चालताना मुलाच्या दंडाला धरलेलं. मी स्टूल दिलं. वाघमाऱ्यांनी फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः गुडघ्यांवर खाली बसले.

"माय, ओळखलंस का?"

म्हातारीनं फोटोवरून हात फिरवला. गळ्याशी आल्यावर थांबली. "सदरा त्यायचाच हाय," ती म्हणाली.

मग चेहऱ्याकडं बघत राहिली. वाघमारे फोटोकडं बघत नव्हते, तिच्या तोंडाकडं बघत होते. पन्नाशीचा माणूस, पण त्या वेळी निकालाच्या दिवशी शाळेत उभा असल्यासारखा दिसत होता. 

"बरं केलंस, बाबा," म्हातारी म्हणाली आणि तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "लई बरं केलंस. घरी लाव."

वाघमाऱ्यांनी डोळे पुसले, फ्रेम कागदात बांधून घेतली आणि रिक्षा बघायला बाहेर गेले.

ते गेल्यावर म्हातारीनं कमरेची पिशवी उघडली. आतून रुमालात गुंडाळलेला तो जुना फोटो काढला आणि माझ्यापुढं धरला. "माय, याची एक मोठी करून दे मला."

मला वाटलं, तिला समजलं नसेल. मी म्हटलं, "आजी, हाच फोटो मोठा केलाय की. ह्याच्यात चेहरा नव्हता ना, त्या मोठ्यात नीट केलाय."

"ते त्याच्यासाठी झालं," ती म्हणाली. "मला याची दे."

मी फोटो स्कॅनरवर ठेवला. तो स्क्रीनवर आला तसा नव्या व्हर्जननं लगेच इंग्रजीत प्रश्न टाकला. म्हातारीनं स्टूलवरून वाकून विचारलं, "काय म्हनतंय ते?"

"विचारतंय, चेहरा नीट करू का."

ती उठली. टेबलाला धरत माझ्या शेजारी आली आणि स्क्रीनवरच्या त्या तपकिरी डागावर तिनं बोट ठेवलं.

"त्याला म्हनावं, ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हितंच हायत ते."